मुक्तास पत्र: दोन वाक्यांचा रोल आणि काउंटीची नोकरी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मी आणि बाबांनी दोनदा वाचला. मालिकेत फार्मसिस्टचा रोल मिळाला, एका दिवसाचं शूटिंग, दोन वाक्यं, हे तू पहिल्या ओळीत उरकलंस. पुढची सगळी रड एकाच गोष्टीची, की कास्टिंगच्या बाई तुला 'कॅरेक्टर टाइप' म्हणाल्या, म्हणजे हिरोइनचा नव्हे, छोट्या-दुय्यम भूमिकांचा चेहरा. आणि शेवटी लॉस एंजेलिस काउंटीतल्या त्या सरकारी नोकरीबद्दल हळूच सरकवून दिलंस, 'काउंटीची नोकरी सोडू का?' अगं, दोन्हींतलं नक्की काय धरायचं आम्ही?

बाबांचं म्हणणं, सांगलीची पोर आहे, विष्णुदास भाव्यांच्या गावची, नाटक रक्तातच असणार. असेल रक्तात. घराचे हप्ते काही रक्तातून जात नाहीत. बँकेच्या कर्ज विभागात माझा जन्म गेला, तेव्हा मी माझ्या पद्धतीनेच बोलणार.

जेम्स हाँग हे नाव तुला कदाचित आठवणार नाही, चेहरा दाखवला की लगेच ओळखशील. जन्म 1929चा, मिनियापोलिसचा. तुझ्यासारखेच सिव्हिल इंजिनिअर. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाची डिग्री आणि नोकरी लॉस एंजेलिस काउंटीच्या रस्ते विभागात! तुझ्याच काउंटीत, बाई. विनोदवीर ग्राउचो मार्क्सच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात त्यांनी नकला करून दाखवल्या, त्या लोकांना आवडल्या, कामं येऊ लागली आणि मग त्यांनी नोकरी सोडली. हा क्रम लक्षात घे. आधी कामं, मग राजीनामा.

पुढच्या साठ-सत्तर वर्षांत सिनेमा, मालिका, कार्टूनचे आवाज मिळून चारशेच्या वर भूमिका. 'ब्लेड रनर'मध्ये बर्फाळ खोलीत कृत्रिम डोळे बनवणारा म्हातारा तेच, 'कुंग फू पांडा'मध्ये पांडाला वाढवणाऱ्या हंस बापाचा आवाज त्यांचाच, 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स'मधले व्हीलचेअरवरचे आजोबाही तेच.

त्यांचं खरं कसब बघायचं असेल तर 'साइनफेल्ड' या अमेरिकन विनोदी मालिकेचा 1991चा चायनीज रेस्टॉरंटचा भाग बघ. परवा दुपारी मी तो पुन्हा लावला होता. अख्खा भाग टेबलाची वाट बघण्यात जातो. हाँग तिथले मॅनेजर. कोणीही येऊन विचारलं की उत्तर एकच, पाच-दहा मिनिटं. आवाज चढत नाही, भुवई हलत नाही, आपण विनोदी मालिकेत आहोत याचा त्यांना पत्ताच नसल्यासारखा चेहरा. टेबलाची वाट बघणाऱ्या जॉर्ज कोस्टान्झासाठी फोन येतो तर हे 'कार्टराइट! कार्टराइट!' अशी हाक मारतात, कोणी ओ देत नाही म्हणून फोन ठेवून मोकळे. शेवटी मंडळी कंटाळून बाहेर पडतात आणि त्यानंतर हे शांतपणे पुकारतात, 'साइनफेल्ड, चार जण.' बाकीचे हातवारे करकरून दमतात, पण हा माणूस एक इंचही हलत नाही म्हणून ते सगळं उभं राहतं. हिरोच्या तोऱ्यात कोणी तिथे उभा राहिला असता तर भागाची वाट लागली असती.

एवढं करून हॉलिवूडच्या 'वॉक ऑफ फेम' या फुटपाथवर त्यांच्या नावाचा तारा बसला 2022 साली, वयाच्या 93व्या वर्षी, तोही डॅनियल डे किम या नटाने पुढाकार घेऊन लोकांकडून वर्गणी जमवली तेव्हा. मधली कितीतरी वर्षं चिनी वेटर, चिनी धोबी, चिनी गुंड असली कामं करण्यात गेली. कंटाळून 1965 साली त्यांनी माको वगैरे नटांबरोबर 'ईस्ट वेस्ट प्लेअर्स' ही नाटक कंपनी काढली. आज फार्मसिस्ट झालीस, उद्या तुला डॉक्टर, परवा डॉक्टरची आई म्हणून बोलावतील. त्याचा कंटाळा यायच्या आधीच अशी एखादी जागा शोधून ठेव.

अशीच दुय्यम भूमिकांतली नटी थेल्मा रिटर. 'मिरॅकल ऑन 34th स्ट्रीट' या सिनेमात (1947) ती दुकानात खेळणं शोधून वैतागलेली एक बाई आहे. श्रेयनामावलीत नावसुद्धा नाही. स्टुडिओचा निर्मितीप्रमुख डॅरिल झॅनकला ते इतकं आवडलं की त्याने तिचा भाग वाढवायला लावला. त्यानंतर सहाय्यक अभिनेत्रीसाठी सहा वेळा ऑस्करचं नामांकन आणि एकदाही बाहुली नाही. तरी न्यूयॉर्कच्या कुठल्याही जिन्यात भेटेल अशी बाई हवी असली की दिग्दर्शकाला तीच आठवायची. याच्या उलट वॉल्टर ब्रेनन. सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर 1936च्या सिनेमांसाठी सुरू झालं, पहिलंच याला, आणि 1940पर्यंत तीन खिशात! दात एका अपघातात गेलेले. किस्सा असा सांगतात की रोल ऐकला की तो आधी विचारायचा, दातांसकट हवं की दातांशिवाय? बाबा या किश्श्यावर इतके खूश आहेत की आता रोज कवळी काढताना मला तेच विचारतात.

आणि 'गॉडफादर'मधला फ्रेडो. बाप रस्त्यावर गोळ्या खातोय आणि याच्या हातून पिस्तूल निसटतं, मग तिथेच फुटपाथवर बसून रडतो. तो उभा करणारा जॉन कझाल फक्त पाच सिनेमे करून 1978 साली कॅन्सरने गेला, पाचही सिनेमांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन, त्याला स्वतःला मात्र एकदाही नाही. दुबळा माणूस इतका खरा करायला किती ताकद लागते, हे तू तालीम करताना बघच.

आता माझ्या खात्याचं. उशिरा यश मिळालेल्या नटांच्या मुलाखती मी बऱ्याच ऐकल्या आहेत, जे. के. सिमन्सचं साठीच्या उंबरठ्यावरचं ऑस्कर, हॅरी डीन स्टँटनला 'पॅरिस, टेक्सस'मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या आसपास मिळालेली मध्यवर्ती भूमिका. छानच आहे. पण थांबला तो जिंकला ही गोष्ट जिंकलेलेच सांगतात, बाकीच्यांना मुलाखतीला कोण बोलावतंय? बाकीच्यांचा आकडा हॉलिवूडच्या नटांच्या युनियनकडूनच बाहेर आला, 2023च्या संपात. आरोग्य विम्याला पात्र व्हायला वर्षाला 26,470 डॉलर अभिनयातून मिळवावे लागत होते आणि सुमारे 86 टक्के सभासदांची तेवढीही कमाई नव्हती. त्यात एजंटचे दहा टक्के, कास्टिंगला द्यायचे फोटो, क्लासची फी. तुझा आजचा विमा कोण भरतंय? काउंटी.

शिवाय जुन्या पिढीला जो एक आधार होता तोही पातळ झालाय. 1960च्या संपाने, रोनाल्ड रेगन तेव्हा युनियनचे अध्यक्ष होते, सिनेमा पुन्हा टीव्हीवर लागला की नटाला पैसे मिळायची सोय झाली. मालिका वर्षानुवर्षं पुन:पुन्हा लागायच्या आणि दोन-तीन प्रसंगांतल्या नटालाही घरबसल्या चेक यायचे. स्ट्रीमिंग आल्यावर ते आकडे सेंटांवर आले, म्हणून तर 2023चा तो 118 दिवसांचा संप. तू युनियनमध्ये जाशील ते चांगलंच आहे, पण प्रवेश फीच तीन हजार डॉलर आहे. पहिल्या रोलचे सगळे पैसे तिथेच जातील, हे गृहीत धर आणि जावईबापूंनाही आधीच सांगून ठेव.

जेफ्री ओवेन्सचं प्रकरण आठवतं का? 'कॉस्बी शो'तला जावई, येल विद्यापीठाचा पदवीधर. 2018 साली न्यू जर्सीत एका किराणा दुकानाच्या कॅश काउंटरवर काम करताना कोणीतरी त्याचा फोटो काढला आणि तो हसण्याचा विषय झाला. मग नटांनीच धडाधड आपापल्या पोटापाण्याच्या नोकऱ्या लिहायला सुरुवात केली. मला त्या फोटोत शरमेचं काही दिसलं नाही. दिसला तो कामावर वेळेत पोचलेला माणूस. आपल्याकडचा रणजित चौधरीही बघ. 'बातों बातों में'मुळे आमच्या पिढीत घराघरांत ओळखीचा झालेला मुंबईचा पोरगा अमेरिकेत गेला आणि 'द ऑफिस' या मालिकेत विक्रम म्हणून जरासा दिसला. इथली ओळख तिथे कोणी विचारली नाही. त्याने मिळेल ते चोख केलं.

तर माझं उत्तर असं. नोकरी आत्ता सोडू नकोस. रजा काढ, सेल्फ-टेप, म्हणजे घरच्या घरी करायचा ऑडिशनचा व्हिडिओ, रात्री कर, समोरची वाक्यं वाचायला जावईबापू आहेतच (त्यांना म्हणावं जरा कमी अभिनय करा, मागच्या टेपमध्ये तुझ्यापेक्षा त्यांचाच आवाज मोठा होता). अभिनयातूनच विमा निघेल इतकी कमाई सलग दोन वर्षं झाली की मला कागद पाठव, मी स्वतः सांगेन राजीनामा दे म्हणून. आणि त्या बाईंना एक धन्यवादाचं पत्र टाक. हिरोइनच्या रांगेत तू चाळीस जणींमागे उभी राहिली असतीस. त्यांनी तुला जिथे वयाबरोबर काम वाढतं त्या रांगेत उभं केलंय.

त्या दोन वाक्यांत काय म्हणायचंय ते लिहिलंच नाहीस. फार्मसिस्ट गोळ्या देते की नाकारते? नाकारत असेल तर हाँगसारखी नाकार.

मेतकूट आणि कोकमं पाठवली आहेत.

तुझी,
आई

ता. क. सिमन्सने ऑस्कर घेताना व्यासपीठावरून सगळ्यांना बजावलं होतं, आईवडिलांना फोन करा, मेसेज नको, मेल नको. बाबा म्हणतात हे तुलाही लागू. रविवारी तुमच्या सकाळी आम्ही जागे असतो.