रायटिंगमधले साडेपाच

सदाशिव पेठ, पुणे
रविवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर आयईएलटीएसचा, म्हणजे विद्यापीठाला हव्या असलेल्या त्या इंग्रजीच्या परीक्षेचा, निकाल वाचून दाखवलास तेव्हा मी फारसे बोलले नाही, कारण आकडे कागदावर उतरवून घेतल्याशिवाय मला त्यांचा अर्थ लागत नाही. आता ते समोर आहेत. लिसनिंग 7.5, रीडिंग 6.5, रायटिंग 5.5 आणि स्पीकिंग 6.5. बेरीज 26, चाराने भागले की 6.5. म्हणजे विद्यापीठाने मागितलेला एकूण बँड (नऊपैकी गुण) तुला मिळालेला आहे, आणि घोडे अडले आहे ते कोणत्याही विभागात 6 च्या खाली नको, या एका अटीपाशी. तू मात्र "माझे इंग्रजीच कच्चे, मराठी माध्यमाचा शिक्का काही पुसला जात नाही" असे म्हणून मोकळा झालास. ज्याचे इंग्रजी कच्चे असते त्याला परक्या उच्चारांतले संभाषण एकदाच ऐकून साडेसात मिळत नाहीत. तुझा प्रश्न इंग्रजीचा कमी आणि निबंधाचा जास्त आहे, आणि तो निबंधाचाच आहे हे तुझ्या गळी उतरवण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

आधी हिशेब पुरा करते. एकूण बँड चारही विभागांच्या सरासरीवरून काढतात. सरासरीला पाव आला तर तो अर्ध्यावर नेतात आणि पाऊण आला तर पुढच्या पूर्ण आकड्यावर. रायटिंगमध्ये तुला 6 मिळाले तर सरासरी 6.625 होईल आणि एकूण बँड 6.5 च राहील, पण अट पुरी होईल. 6.5 मिळाले तर सरासरी 6.75 होऊन निकालावर थेट 7 उमटेल. एका विभागातल्या एका बँडाने एवढा फरक पडतो, म्हणून चारही विभागांचा अभ्यास पुन्हा पहिल्यापासून करण्याचा तुझा बेत मला उधळपट्टीचा वाटतो. लिसनिंगला हात लावू नकोस. रीडिंगमध्ये साधारणपणे 40 पैकी 23 उत्तरांना 6 आणि 30 उत्तरांना 7 मिळतात, म्हणजे तू सातापासून दोन-तीन उत्तरेच दूर होतास. ती बहुधा 'विधान चूक आहे' आणि 'याविषयी उताऱ्यात काही म्हटलेलेच नाही' यांच्या घोळात गेली असावीत, कारण उताऱ्यात नसलेले स्वतःच्या माहितीतून भरून काढण्याची खोड तुला शाळेपासून आहे. स्पीकिंगची चिंता नको. तिथे मराठी वळणाचा उच्चार चालतो, फक्त तो समोरच्याला विनासायास कळला पाहिजे.

आता रायटिंग. त्यात दोन लेख असतात, एक आलेखाचे वर्णन आणि एक निबंध. तू पाठवलेले सरावाचे चारही निबंध आणि आलेखांची दोन वर्णने मी गेल्या दोन दिवसांत तीन वेळा वाचली. छापखान्यात सव्वीस वर्षे मराठी-इंग्रजी पाठ्यपुस्तकांची प्रुफे तपासलेल्या बाईला एवढा अधिकार असावा असे मी धरून चालते. परीक्षक चार गोष्टी पाहतो. विचारले त्याचेच उत्तर दिले आहे का, मजकुराची जुळणी आणि ओघ कसा आहे, शब्दसंपत्ती किती नेमकी आहे, आणि व्याकरणात विविधता व अचूकता किती आहे. चौघींचे वजन सारखेच असते. तू मात्र सगळा जीव तिसरीवर ओतला आहेस. 'प्लेथोरा' हा शब्द चार निबंधांत पाच वेळा आला आहे आणि त्यांपैकी तीन ठिकाणी साध्या 'मेनी'ने काम भागले असते. मंडईत मेथीची जुडी आणायला कोणी पैठणी नेसून जात नाही.

पहिल्या कसोटीत तू काय केलेस ते पाहा. आलेखाच्या वर्णनात तू प्रत्येक वर्षाचा आकडा दिलास, वर विजेचा खप का वाढला असावा याची कारणेही दिलीस. इंजिनिअरला हे शोभते, पण प्रश्नात कारणे विचारलेली नव्हती, आणि जे विचारले होते, म्हणजे एकंदर चित्र काय दिसते हे सांगणारी दोन वाक्ये, ती तुझ्या दोन्ही वर्णनांत नाहीत. एकंदर चित्र न सांगता नुसते तपशील मांडत जाणे हे परीक्षकांच्या निकषांत पाचव्या बँडचे लक्षण आहे. ती दोन वाक्ये लिहायला तीन मिनिटे पुरतात, आणि तुझे बरेचसे नुकसान त्या तीन मिनिटांपायी झालेले दिसते.

दुसरे, वेळेचे. दोन्ही लेखांना मिळून 60 मिनिटे असतात. आलेखाला किमान 150 शब्द, निबंधाला किमान 250, आणि निबंधाचे वजन आलेखाच्या दुप्पट असते. "आलेख मस्त जमला, पण निबंधाला पंचवीसच मिनिटे उरली" हे तुझेच शब्द आहेत. ज्या लेखाला दुप्पट वजन त्याला तू निम्म्याहून कमी वेळ दिलास. आलेखाला वीस, निबंधाला चाळीस, आणि विसावे मिनिट संपताच वाक्य अर्धवट असले तरी पुढे जायचे.

निबंधांपैकी दुसऱ्यात दोन्ही बाजू मांडून स्वतःचे मत द्या असे म्हटले होते. दोन्ही बाजू तू चांगल्या मांडल्यास आणि शेवटी दोघींनाही थोडे थोडे खरे ठरवून निघून गेलास. घरातल्या भांडणात हे धोरण शहाणपणाचे असते. इथे मात्र प्रश्नाचा एक भाग अनुत्तरित राहिला. शिवाय पहिला परिच्छेद म्हणजे प्रश्नातलीच वाक्ये उचललेली आहेत, आणि उतरवलेले शब्द शब्दसंख्येत धरले जात नाहीत.

ओघाबद्दल एकच सांगते. प्रत्येक वाक्यापूर्वी 'मोरओव्हर', 'फर्दरमोअर', 'इन अ नटशेल' लावल्याने विचार जोडले जात नाहीत. आमच्याकडे एक लेखक होते, ज्यांच्या हस्तलिखितात दर परिच्छेदाच्या आरंभी 'तथापि' असे आणि पुढे तथापि म्हणण्यासारखे काहीच नसे. मला तुझे निबंध वाचताना त्यांची फार आठवण झाली. पाठ केलेले साचेही टाकून दे. तुझ्या मित्राने दिलेला तो नमुना त्याच्याआधी कित्येकांनी उतरवला असणार, आणि परीक्षकाला तो पाहताक्षणी ओळखू येतो.

व्याकरणातल्या तुझ्या चुका मोजून पाहिल्या तर त्या चारच जातींच्या निघतात, आणि मला हीच सर्वांत आशादायक गोष्ट वाटते. 'द' आणि 'अ' गाळणे, कारण आपल्या भाषेत त्यांना जागाच नाही; 'वन ऑफ द रीझन' लिहून अनेकवचन विसरणे; 'डिस्कस' नंतर 'अबाउट' लावणे, जे 'याविषयी चर्चा' यातून थेट आलेले आहे; आणि कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये एवढा मजकूर कोंबणे की क्रियापदापर्यंत पोहोचेस्तोवर कर्ता एकवचनी होता की अनेकवचनी याचा तुलाच विसर पडावा.

या चुका तू वाचताना तुला दिसत नाहीत, याचे कारण मला माझ्या अनुभवावरून माहीत आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका लग्नपत्रिकेत मी तारीख, मुहूर्त, नावे सगळे तपासले आणि वार चुकीचा छापला गेला. मी तो तीन वेळा वाचला होता आणि तिन्ही वेळा मला कागदावर असायला हवा तोच वार दिसला होता. त्यानंतर आमच्या वडीलधाऱ्या मुद्रितशोधकांनी मला शिकवले की एका वाचनात एकाच जातीची चूक शोधायची आणि मजकूर शेवटच्या वाक्याकडून पहिल्याकडे वाचत जायचे, म्हणजे अर्थाच्या ओढीने डोळा पुढे घसरत नाही. निबंधाची शेवटची पाच मिनिटे तू यासाठी राखून ठेव. एकदा फक्त नामे पाहायची, त्यांच्यापुढे 'द' किंवा 'अ' हवा का. दुसऱ्यांदा फक्त क्रियापदे. परीक्षेच्या संगणकावर शब्द मोजून मिळतात, शुद्धलेखन कोणी दाखवत नाही. आणि हो, परीक्षा कळफलकावर आणि सराव वहीत, हा उलटा कारभार आता बंद कर.

पुनर्तपासणीसाठी सहा आठवड्यांच्या आत अर्ज करता येतो आणि गुण बदलले तर शुल्क परत मिळते, पण हे निबंध पाहता साडेपाच रास्त आहेत असे मला प्रामाणिकपणे वाटते. तिथे पैसे घालू नकोस. त्यापेक्षा एकाच विभागाची फेरपरीक्षा दे. संगणकावर परीक्षा दिलेल्यांना ती मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत एकदा देता येते आणि बाकीचे तीन बँड तसेच राहतात. सगळी विद्यापीठे असा निकाल स्वीकारत नाहीत, म्हणून शुल्क भरण्यापूर्वी त्यांना ईमेल करून लेखी उत्तर घे. ते नाही म्हणाले तर पूर्ण परीक्षा पुन्हा द्यावी लागेल, पण तयारी हीच राहील. फर्ग्युसन रस्त्यावरच्या क्लासची चौकशी करायला तू सांगितले होतेस. मी केली, आणि तिथेही पहिल्या दिवशी हातात साचेच ठेवतात हे कळल्यावर चहा न घेता परत आले.

आठवड्याला दोन निबंध, घड्याळ लावून, टंकलेखन करून पाठव. पाठवण्यापूर्वी दुरुस्त करू नकोस. चाळीस मिनिटे संपली तेव्हा जसा होता तसाच मला हवा आहे. मी चुका सुधारून देणार नाही, ओळीच्या कडेला फक्त खूण करीन, आणि ती कसली आहे हे तू शोधायचेस.

तुझी
आई

ता. क. तिसऱ्या निबंधाचे दुसरे पान तुझ्या फोटोंत आलेले नाही. त्यात शेवटी मत दिले आहेस की नाही हे मला पाहायचे आहे. ते पाठव, आणि आत्ता नव्याने लिहून नको, वहीतले आहे तेच.