दुष्काळाच्या सर्व्हेत घरातल्या बाईला वेगळं विचारा

मंत्री महोदय,

नमस्कार. मी डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्समध्ये रिसर्च करते, हवामान बदलाने बायकांच्या आयुष्यात काय होतं हा माझा विषय. नुकसानीचे सरकारी आकडे वाचताना मी दर वेळी एकाच जागी अडकते, सगळं मोजतात ते घर धरून, कुटुंबप्रमुखाला विचारून, मग घराच्या आत कोणावर काय पडलं ते कळणार कसं?

पाण्याचंच बघा. युनिसेफ आणि डब्ल्यूएचओचा 2023 चा रिपोर्ट म्हणतो की जगात ज्या घरांत पाणी बाहेरून आणावं लागतं त्यातल्या दर 10 पैकी 7 घरांत ते काम बायका आणि मुलींकडे असतं. जवळचं पाणी आटलं की जास्तीचे तास त्यांचेच जातात, पण त्या तासांना पगार नाही म्हणून ते नुकसानीत धरतच नाहीत. पीक गेलं तर पंचनामा होतो, पाण्यापायी मुलीची शाळा सुटली तर कुठे होतो?

आणि हे तर नक्की ऐका. लुसिया कोर्नो, निकोल हिल्डेब्रांट आणि अलेस्सांद्रा वोएना ह्या अर्थशास्त्रज्ञांचा 2020 मध्ये इकॉनोमेट्रिका ह्या अर्थशास्त्राच्या जर्नलमध्ये पेपर आलाय, त्यात दिसतं की दुष्काळ पडला की सब-सहारन आफ्रिकेत (सहाराच्या दक्षिणेकडे) मुलींची बालवयात लग्नं वाढतात आणि भारतात उलट कमी होतात. आफ्रिकेत नवऱ्याकडचे मुलीच्या घरी पैसे देतात, म्हणून अडचणीत लग्न लवकर उरकतात, भारतात हुंडा मुलीकडच्यांना द्यायचा असतो, हात रिकामा असला की लग्न पुढे ढकलतात. (पुढे ढकललं म्हणजे मुलगी सुखात आहे असं कृपया समजू नका.) उत्पन्न दोन्हीकडे घटलेलंच दिसणार, मुलीचं काय झालं ते त्या आकड्यात कुठेच नाही. मला हे वाचून खरंच खूप अस्वस्थ व्हायला झालं.

म्हणून मागणी एकच आहे, पुढच्या सर्व्हेत घरातल्या बाईशी वेगळं बोला, नवरा-सासू समोर नसताना, शक्यतो बाईच पाठवून, आणि काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते तासातासाने विचारा, तेही एकदाच नाही, उन्हाळ्यात आणि पावसानंतर पुन्हा. मुली शाळेत जातायत का, घरातलं आधी काय विकलं आणि ते कोणाचं होतं, हेही विचारा. पिकाची भरपाई बहुतेक वेळा जमीन ज्याच्या नावावर त्यालाच मिळते, तर दुसऱ्याच्या शेतात राबणारी बाई कुठल्या यादीत आहे तेही बघा.

फॉर्म छापायला जायच्या आधी प्रश्न लिहायला मी बिनपैशाने येऊन बसायला तयार आहे. फक्त बोलवा.

आपली,
एक संशोधक