मातीतला आपला मुलूख

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

"नकाशा छापील मिळतो, तू मातीचा कशाला करतेस?" असं बाबांनी विचारलं. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

छापील नकाशात कळसूबाई म्हणजे 1646 हा आकडा आणि भोवती समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. त्या रेषांबरहुकूम मी लाटलेल्या मातीचे थर कापते. एका किलोमीटरला 2 सेंटिमीटर धरलेत, पण उंची दुप्पट घेतलीय, कारण खऱ्या प्रमाणात शिखर जेमतेम 3 सेंटिमीटर भरतं आणि डोंगर चपटे वाटतात. दर 100 मीटरला 4 मिलिमीटरचा थर चढवायचा, मग पायऱ्या तासून उतार काढायचा. अलंग, मदन, कुलंगचे कडे मात्र उभेच ठेवते. ते गुळगुळीत केले तर सह्याद्री कसला!

माती वाळताना आणि भाजताना आटते. माझी शेकडा 12 आटते, म्हणून 60 सेंटिमीटरच्या नकाशासाठी 68 सेंटिमीटर घडवावं लागतं. डोंगराखालची जाड माती आतून ओली राहिली तर भट्टीत फुटते, म्हणून ती मागून पोखरते. नकाशा तुकड्यांत भाजायचा आहे. एक जोड प्रवरेच्या पात्रातूनच नेलाय.

मला सगळ्यात आवडतं ते ग्लेझ, म्हणजे मातीवर चढवायचा काचेसारखा लेप. 1200 अंशांपुढे ते वितळतं, कड्यांच्या धारेवर पातळ होऊन खालची तांबूस माती दाखवतं आणि दरीत साचून गडद होतं. नमुन्याच्या तुकड्यावर रतनगडाकडून उतरणारे ओहोळ मी रंगवलेच नव्हते, तरी ते उमटले. किती वेळ बघत बसले होते!

आई, तुझा पृथ्वीगोलही करतेय, प्लास्टरच्या दोन अर्धगोल साच्यांत माती दाबून. 30 सेंटिमीटर व्यासाला एव्हरेस्ट जेमतेम 0.2 मिलिमीटर येतं, ग्लेझच्या थरापेक्षाही कमी. त्यामुळे त्यावर डोंगर रंगानेच दाखवणार.

बाबा, आता तुमच्याकडे काम आहे. राजूरपासून रतनवाडीपर्यंत टपाल घेऊन तुम्ही पायी हिंडलात. माझ्याकडच्या नकाशात कितीतरी ओढे, खिंडी बिननावाच्या आहेत. तुम्हाला आठवतील ती नावं हवीत. अक्षरं ओल्या मातीतच उठवावी लागतात, एकदा भाजल्यावर काही घालता येत नाही. तेव्हा महिनाअखेरपर्यंत यादी पाठवा. हाताला त्रास होत असेल तर सांगा, आई लिहून घेईल. आणि एखाद्या नावावर तुम्हा दोघांचं जमलं नाही तर दोन्ही लिहा, मी दोन्ही घालते.

तुमची,
लेक