वामनदादांची ओळ बिटको चौकात लावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिंहस्थ जवळ आला की शहरात रोषणाईच्या गोष्टी सुरू होतात. घाट उजळतील, पूल उजळतील, उजळू देत. पण त्यातली एक पाटी नाशिकरोडला बिटको चौकात लागावी आणि तिच्यावर लोककवी वामनदादा कर्डकांची एक ओळ निऑनमध्ये पेटावी, एवढ्यासाठी हे पत्र.

वामनदादा आपल्याच जिल्ह्यातले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मले. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत राबले. एकदा कुणीतरी पत्र वाचून दाखवा म्हणून पुढे केले. वाचता येईना, आणि त्यांना रडू कोसळले. मग शिवडीच्या चाळीत एका मास्तरांकडे बाराखडी गिरवली. जोडाक्षरे मात्र शिकले ती रस्त्यावरच्या पाट्या वाचत वाचत. १९४३ मध्ये पहिले गीत लिहिले, पुढे हजारो.

मी जन्मभर दुकानांचे बोर्ड रंगवले. फ्लेक्स आला आणि ब्रश सुटला. आपण रंगवलेल्या ‘स्टोअर्स’मधला ‘स्टो’ कुणाची तरी शाळा असू शकतो, हे त्या दिवसांत कधी डोक्यात आले नाही. दादांची ही हकिकत ऐकली आणि आपल्या धंद्याबद्दल पहिल्यांदा जरा बरे वाटले. पाट्यांवर शिकलेल्या माणसाचे ऋण पाटीनेच फेडावे. पुतळा वाचता येत नाही.

आता निऑनचे. खऱ्या निऑनमध्ये काचेची नळी आचेवर वाकवून अक्षर करतात. आतला वायू लालकेशरी पेटतो. नळी अखंड असते, म्हणून दोन अक्षरांमधला नको असलेला तुकडा काळ्या रंगाने झाकतात. देवनागरीत काने, मात्रा, वर शिरोरेषा, त्यामुळे कारागिराचा कस लागतो. हल्ली एलईडीची लवचीक नळी मिळते, तीही चालेल. पण दुरुस्तीची बोली पहिल्याच दिवशी करून घ्या. काना विझला की ‘वामन’चे ‘वमन’ होते, आणि मग चौकात महिनाभर तेच पेटत राहते!

बिटकोच का? इथे नोटा आणि टपालाची तिकिटे छापणाऱ्या प्रेसचे कामगार राहतात, रेल्वेचे लोक आहेत, आणि सिन्नरच्या एमआयडीसीत पाळीला निघालेली माणसे याच रस्त्याने जातात. देशवंडीची वाटही हीच. गंगापूर रोडच्या बाजूला कुसुमाग्रजांचे स्मारक आहे, ते शोभतेच. दादांची ओळ कामावर जाणाऱ्यांच्या वाटेत असावी.

ओळ कोणती, हे मात्र साहित्यिकांच्या समितीवर सोडू नये. चौदा एप्रिलला रात्र रात्र दादांची गाणी गाणाऱ्या गायन पार्ट्यांना विचारा. कुठल्या ओळीला लोक पुन्हा म्हणायला लावतात, हे त्यांना पाठ आहे. निवडलेल्या ओळीत दोन-तीन जोडाक्षरे असली तर फार बरे. दादांच्या वारसांची परवानगी आधी घ्यावी, आणि ओळीखाली नाव एवढे मोठे हवे की एसटीच्या खिडकीतून दिसेल.

अक्षरांचा कागदी आराखडा मी फुकट काढून देईन. हात थोडा थरथरतो, पण शिरोरेषा अजून पट्टीशिवाय सरळ येते.

– एक निवृत्त बोर्ड पेंटर, जेल रोड, नाशिकरोड