वार पडण्याची वाट न पाहता रेडकाला चीक पाजावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आमच्या भागात म्हशी विण्याचा हंगाम सुरू होतो आणि तो दिवाळीच्या पुढेही चालतो. या दिवसांत अनेक गोठ्यांत एक चूक अजूनही सर्रास होते, म्हणून हे पत्र. म्हैस व्याल्यावर वार, म्हणजे गर्भाला आईशी जोडणारे आवरण, पडेपर्यंत रेडकाला आचळाला लावायचे नाही, कारण आधी चीक काढला तर वार अडकते, अशी समजूत जुन्या माणसांकडून चालत आली आहे. प्रत्यक्षात घडते ते उलट. रेडकू कासेला ढुसण्या देऊ लागले की म्हशीच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते. त्यानेच पान्हा सुटतो आणि त्यानेच गर्भाशय आकुंचन पावते, म्हणजे वार सुटायला रेडकाची मदतच होते.

ही समजूत आम्हीही पाळत होतो. काही वर्षांपूर्वी आमची पहिलारू म्हैस रात्री व्याली, वार पडली ती उजाडल्यावर, आणि तोवर चांगली अंगापिंडाची रेडी कोपऱ्यात उपाशी पडून होती. चौथ्या दिवशी तिला हगवण लागली आणि आठवडा संपायच्या आत ती गेली. नंतर म्हैस पान्हा चोरू लागली, ते वेगळेच. उपचाराला आलेल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, ‘पहिला चीक किती वाजता पाजला?’ तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ आम्हाला कळला नव्हता.

माणसाच्या बाळाला रोगांशी लढणारी प्रतिपिंडे आईच्या पोटातच बऱ्याच प्रमाणात मिळालेली असतात. गाई-म्हशींच्या वारेची रचनाच अशी आहे की ती पोटातल्या वासरापर्यंत पोहोचत नाहीत. ती त्याला केवळ चिकातून मिळतात. शिवाय ही प्रतिपिंडे न पचवता तशीच रक्तात घेण्याची आतड्यांची क्षमता तासागणिक घटत जाते आणि सुमारे 24 तासांत जवळजवळ संपते. म्हणून वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे 30 किलोच्या रेडकाला 3 लिटर चीक पहिल्या दिवशी मिळायला हवा, आणि त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. दुसऱ्या दिवशी पोटभर पाजलेला चीक पोषण देईल, पण हुकलेले संरक्षण भरून काढणार नाही.

खरवस आम्हालाही आवडतो आणि शेजारीपाजारी चीक वाटण्याची रीतही चांगली आहे. रेडकाचे पोट भरल्यावर उरेल त्याचा खरवस खुशाल करावा. रेडा जन्मला म्हणून त्याला उपाशी ठेवून चीक विकला जातो तेव्हा मात्र मन विषण्ण होते.

नाळ शरीरापासून सुमारे दोन इंचांवर स्वच्छ दोऱ्याने बांधून, नव्या ब्लेडने कापून, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. बेंबी पिकून, सांधे सुजून दगावणारी वासरे एवढ्याने वाचतात. रेडकांना आईच्या दुधातूनच गोलकृमींची लागण होते, तेव्हा दहा ते पंधरा दिवसांचे झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे.

म्हशीकडेही तितकेच लक्ष हवे. वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवावे. लोंबत्या वारेला वीट बांधणे किंवा हात घालून ती ओढणे याने गर्भाशयाला इजा होते, जंतुसंसर्ग होतो आणि पुढे जनावर उलटत राहते, म्हणजे गाभण राहत नाही. ब्रुसेलोसिससारखा रोग वारेतून माणसालाही होत असल्याने हातमोज्यांशिवाय तिला शिवूच नये. व्याल्यावर पहिल्या तीन दिवसांत दुधाळ जनावर थंड पडून, मान पोटाकडे वळवून बसले तर तो बहुधा दुग्धज्वर असतो. रक्तातले कॅल्शियम अचानक घटल्याने तो होतो, आणि डॉक्टरांनी वेळेवर शिरेतून कॅल्शियम दिले तर बहुतेक जनावरे काही तासांत उभी राहतात. अशा वेळी तोंडावाटे काढा ओतू नये, तो फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

गावोगावच्या दूध संस्थांना माझी एक विनंती आहे. निरोगी म्हशीचा उरलेला चीक लहान बाटल्यांत भरून, तारीख घालून, संस्थेच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवता येईल. उणे 20 अंशांना तो वर्षभर टिकतो. विताना आई दगावली किंवा तिने रेडकाला जवळ येऊ दिले नाही, तर ही बाटली कोमट पाण्यात ठेवून वितळवावी आणि पाजावी. चीक उकळू मात्र नये, कारण तो फाटतो आणि प्रतिपिंडे नष्ट होतात. आपल्या शेतीविषयक पानावर हंगामाच्या तोंडावर ही माहिती चौकटीत छापली, तर संस्थेत दूध घालायला येणाऱ्यांना ती वाचून दाखवण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला,
एक दूध उत्पादक शेतकरी,
ता. करवीर, जि. कोल्हापूर