आवाज फुटलेल्या पोराला कोण शिकवणार?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या एका महाविद्यालयाने मला बैठकीला बोलावलं होतं. बी.ए.चा संगीत विषय बंद करून त्या जागी ध्वनिमुद्रण आणि इव्हेंट मॅनेजमेंटचा अल्पमुदतीचा कोर्स काढायचं घाटत होतं. पडद्यावर तक्ता होता : विषय, विद्यार्थी, खर्च, प्लेसमेंट. संगीतापुढे शेवटच्या रकान्यात शून्य. ‘मागणीच नाही हो,’ एक जण हळहळत म्हणाले. मी चहा पिऊन गप्प उठून आलो. तेव्हा सुचलं नाही ते आता लिहितो.

श्रावण लागला की माझा फोन थांबत नाही. चतुर्थीला वाडीवाडीत पेटीवाला हवा, पखवाजी हवा. डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, साथीदार हवेत, दशावताराच्या कंपन्यांना पायपेटीला माणूस हवा. स्नेहसंमेलनाच्या पंधरा दिवस आधी शाळांनाही संगीत शिक्षक आठवतो. मागणी रगड आहे साहेब, पगार नाही. तुमच्या तक्त्याला या दोन गोष्टी एकच वाटतात.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. गाणारा तयार करणं हे एक काम, आणि गाणं शिकवणारा तयार करणं हे दुसरं. आठवीपर्यंत शाळेत प्रार्थना मी सांगायचो. दिवाळीची सुट्टी संपवून आलो तो आवाज फुटलेला. गुरुजी म्हणाले, ‘तुजो गळो गेलो रे, तू आता पेटी वाजय.’ गुरुजी वाईट नव्हते, स्वतः सुरेल गायचे. फुटलेला आवाज काही महिने खाली उतरत असतो. तेवढे दिवस पोराची पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारसूर, उतरवायची, चार-पाच सुरांतच त्याला फिरवायचं, तार सप्तकाकडे जाऊ द्यायचं नाही, आणि गाणं मात्र सोडू द्यायचं नाही. हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मी पेटी शिकलो, तिच्यावर पोट भरलं. गाण्यासाठी पुन्हा तोंड उघडलं ते चाळिशीत, भजनाच्या कोरसमध्ये, तेही मागच्या रांगेत.

संगीत विशारदची परीक्षा झालेल्या मुलाला यमन येतो, मालकंस येतो. पण चाळीस पोरांच्या वर्गात तो स्वतःच्या काळी एक पट्टीत गातो आणि वर्ग एक तर घोगरतो, नाही तर किंचाळतो. मग पाच-सहा जणांवर ‘बेसूर’ असा शिक्का बसतो. त्यांतल्या बहुतेकांना फक्त पट्टी सापडलेली नसते. ती ओळखायला शिकाऊ शिक्षकाला वर्गात पाठ घ्यावे लागतात, मागच्या बाकावर जाणता माणूस वही घेऊन बसावा लागतो.

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते दरबाराच्या नव्हे, लोकांच्या पैशावर. तिकीट लावून जलसे करणारा तो माणूस, त्यांना बाजार कळत नव्हता असं कोण म्हणेल? तरी त्यांनी उपदेशक वर्ग चालवला, मुद्दाम शिकवणारे घडवायला. पुढे मुंबईची इमारत कर्जात गेली. आजच्या हिशेबात बुडीत संस्था. पण त्यांच्याच शिष्यांपैकी विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्यात विद्यालय उभं केलं, ओंकारनाथ ठाकूर बनारसच्या विद्यापीठात गेले. पलुस्करबुवा गेले त्याच वर्षी, 1931 मध्ये, शिष्यांनी स्थापलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना आज मालवणची पोरं बसतात.

आता बसतात ती कशाला, हेही सांगतो. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. ‘गुरुजी, मार्कांक किती परीक्षा पुरतत?’ हा पहिल्याच दिवशीचा प्रश्न. दहावी झाली की पेटी माळ्यावर. पोरांना दोष देत नाही. आपणच त्यांना हा व्यवहार शिकवला.

नव्या शैक्षणिक धोरणात संगीत ‘ओपन इलेक्टिव्ह’, म्हणजे इतर शाखांच्या मुलांनाही निवडता येणारा विषय, म्हणून येतं, याचा आनंदच आहे. पण दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक म्हणजे 60 तास. वर्गात तीस जण असले तर माणशी दोन तास, त्यात तंबोरा जुळवणंही आलं. आणि हे शिकवणारा तासिका तत्त्वावर, पुढच्या वर्षी असेल की नाही त्यालाच ठाऊक नाही.

शाळा हे तुमचं खातं नाही, कल्पना आहे. पण शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला कलेचा अंशकालीन निदेशक आहे तो पट शंभरावर असेल तरच. कोकणातल्या वाडीवरच्या किती शाळांचा पट शंभर भरतो, विचारून घ्या. म्हणजे शिकवणाऱ्याला शाळा नाही म्हणून महाविद्यालय विषय बंद करणार, आणि शिकवणारा नाही म्हणून शाळा गप्प बसणार.

माझं मागणं फार नाही. संगीताला विद्यार्थिसंख्येचा वाणिज्य शाखेचा निकष लावू नका. मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपपरिसरात संगीत शिक्षकांसाठी एक वर्षाचा वर्ग सुरू करा, त्यातलं अर्धं वर्ष जवळच्या शाळांत पाठ घेण्यात जाऊ दे. तिथे शिकवायला दशावतारातला पेटीवालाही बोलवा. रंगमंचावरचा नट पट्टी बदलेल त्याक्षणी हा त्याच्यामागे जातो, ते नेट-सेट झालेल्यांनाही सहज जमत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची, म्हणजे पदव्यांची अट न लावता अनुभवी जाणकाराला शिकवायला घेण्याची, वाट उघडली आहे. ती उद्योगातल्या साहेबांपुरतीच ठेवायला हवी असं नाही.

त्या महाविद्यालयाचा निर्णय अजून व्हायचा आहे. विषय गेला तर तिथल्या पेट्या खोलीत कुलूपबंद होतील. इथल्या दमट हवेत न वाजवलेली पेटी एका पावसाळ्यात बुरशी धरते, भाता कुजतो. तेव्हा जे काही ठरवाल ते मिरगाच्या आधी कळवावं, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त संगीत शिक्षक,
मालवण तालुका