समासातले दोन शब्द

प्रिय शुभदा,

सप्रेम नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. गेले पंधरा दिवस मी जोन ऑफ आर्कच्या खटल्यात बुडालेय. कोर्टात जबाब टाइप करण्यात माझी बावीस वर्षं गेली, म्हणून असेल, त्या पोरीइतकाच तिचा जबाब उतरवून घेणारा कारकून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. गियोम मांशों त्याचं नाव.

तिची लढाई आपण शाळेत वाचली होती. दोंरेमीच्या शेतकऱ्याची मुलगी, मे १४२९मध्ये ऑर्लेआंला पडलेला इंग्रजांचा वेढा उठवला, जुलैत रँसला फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सला राज्याभिषेक झाला. वर्षभरात ती पकडली गेली, दहा हजार लिव्रांना इंग्रजांना विकली गेली. तिला सोडवायला चार्ल्स आला नाही.

१४३१, रूआं. पाखंडाचा खटला. समोर बिशप कोशों आणि धर्मपंडितांची रांग. तिचं वय एकोणीसच्या आसपास, पायात बेड्या, बाजूनं वकील नाही. 'देवाची कृपा आहे का तुझ्यावर?' हो म्हटलं तर पाखंड, नाही म्हटलं तर कबुली. ती म्हणाली, 'नसेल तर देव करो, असेल तर तशीच राखो.' शुभदा, उलटतपासात भलेभले गडबडताना पाहिलेत गं मी!

मला चर्चच्या कैदेत ठेवा, असं ती मागत होती. ठेवलं किल्ल्यात, इंग्रज शिपायांच्या पहाऱ्यात. पुरुषी विजार अंगरख्याला नाड्यांनी घट्ट बांधता येई, तेवढाच तिला आडोसा. २४ मे रोजी आगीच्या भीतीनं, आपल्याला ऐकू येणारे संतांचे आवाज खोटे, अशी तिनं कबुली दिली, बायकी कपडे घातले. चार दिवसांनी परत पुरुषी वेषात दिसली. ते आवाज पुन्हा ऐकू आले का, विचारल्यावर म्हणाली, हो, आले; म्हणजे कबुली मोडली. त्या जबाबाशेजारी समासात लॅटिनमधले दोन शब्द आहेत: 'प्राणघातक उत्तर'. तिथून मला पुढे वाचवेना. ३० मेला तिला भर बाजारात जिवंत जाळलं.

वीसेक वर्षांनी फेरचौकशी झाली आणि १४५६ साली तो निकाल रद्द ठरला. त्या चौकशीत मांशोंनं सांगितलं, की शब्द बदल म्हणून न्यायाधीश मागे लागले होते, मी बदलले नाहीत. पण खटल्याच्या प्रतीवर सहीही त्याचीच आहे. मला त्याचा राग येतो, आणि त्याच्यामुळेच तिचं बोलणं आपल्यापर्यंत पोचलं हेही खरं. तो महिनाभर रडला म्हणे. खटल्याच्या मेहनतान्यातून त्यानं एक लहानशी प्रार्थनापोथी घेतली, तिच्यासाठी प्रार्थना करायला. साक्ष देतानाही ती त्याच्याजवळ होती.

दिवाळीत ये, सविस्तर बोलू.

तुझी,
मीना